एकदाच विचारायचं

१२ मार्च

आज कंपनीने आमची तोंडं शिवून टाकली. म्हणून ही वही उघडली आहे.

वही लेकीने दिलेली. मागच्या खेपेला आली तेव्हा म्हणाली, "आई, तुला जे बोलायचंय ते अधूनमधून ह्यात लिहीत जा, म्हणजे बाबांच्या कानांना जरा सुट्टी मिळेल." कार्टी चेष्टेखोर आहे, बापावर अजिबात गेली नाही. वही मी कपाटात टाकून दिली होती. आज शोधून काढली, कारण घशाशी इतकं आलंय की कुठेतरी ओतायलाच हवं.

तर झालं असं. आमची कंपनी लोकांच्या घरी इंटरनेट देते, टीव्ही देते, घरातल्या सगळ्यांचे मोबाइल चालवते. दरमहा पैसे खात्यातून आपोआप जातात. घेताना एक टिचकी मारली की झालं. सोडताना मात्र फोन करावा लागतो, आणि तो फोन येतो आमच्याकडे. दारावर पाटी आहे 'ग्राहक स्नेह विभाग'. काम एकच, जाणाऱ्याला जाऊ द्यायचं नाही. एकोणीस वर्षं मी हे करतेय आणि माझ्याइतकं चांगलं कुणाला जमत नाही. ही फुशारकी नाही, भिंतीवरच्या फळ्यावर दर महिन्याला पहिलं नाव माझंच असतं. पोरी मला 'गोंद' म्हणतात. एकदा फोन माझ्याकडे आला की सुटका नाही.

आज साहेबांनी सगळ्यांना मधल्या खोलीत गोळा केलं. साहेब म्हणजे माझ्या लेकीच्या वयाचं पोरगं, पण खुर्चीला मान द्यावा लागतो. त्यांनी सरकारी पत्रक वाचून दाखवलं. पहिल्या तारखेपासून नवा कायदा. माणूस जितक्या सहज आत आला तितक्याच सहज त्याला बाहेर पडता आलं पाहिजे. कंपनीच्या साइटवर 'बंद करा' असं ठळक बटण येणार. ज्याला बटण नको त्याने फोन करावा, आणि फोनवर आम्ही विचारायचं फक्त "आपली खात्री आहे का?" तेही एकदाच. हो म्हणाला की बंद. का सोडताय असं विचारायचं नाही. सवलत द्यायची नाही. गळ घालायची नाही. फोन रेकॉर्ड होणार आणि सरकारी तपासनीस येऊन ते ऐकणार.

मी हात वर केला. "साहेब, समोरचा रागाच्या भरात बोलत असेल तर? त्याचं भलं कशात आहे तेसुद्धा सांगायचं नाही?"

"नाही."

"मग आम्ही करायचं काय?"

"ऐकायचं," साहेब म्हणाले.

ऐकायचं म्हणे! बोलणाऱ्याची बोरं विकतात, आणि ह्यांना दुकानात मुकी माणसं बसवायची आहेत.

१७ मार्च

ह्यांचं परत सुरू झालं.

रविवारची सकाळ. चहा अर्धा पिऊन कप बाजूला सरकवला तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, "मला वेगळं राहायचंय. भांडण म्हणून नाही. मला एकटं—"

ही तिसरी वेळ. पहिली लेक कॉलेजात गेली तेव्हा, दुसरी गेल्या वर्षी. हे चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करतात. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून विचारतात, हे स्पष्ट दिसतंय की ते? माणूस सांगेल ते लिहून घेतात. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसलं की डोक्यात असलं काहीबाही येणारच.

मी चिडले नाही. चिडलं की माणूस हट्टाला पेटतो. म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं." मग विचारलं, "नक्की कशाचा त्रास होतो?" म्हणाले, "त्रास असा नाही, मला फक्त—" म्हटलं, "टीव्हीचा आवाज? आजपासून कमी. माझ्या बहिणीचे फोन? गॅलरीत जाऊन बोलेन." मग मागची खोली देऊ केली. रविवारी दुपारभर ती त्यांची, मी दारसुद्धा ठोठावणार नाही. मग जुनी आठवण काढली, लग्न झालं तेव्हा आमच्याकडे दोनच खुर्च्या होत्या आणि पाहुणे आले की आम्ही दोघं उभे राहायचो. हे जरासे हसले. हसल्यावर म्हटलं, "तीन महिने असं करून बघू. नाही पटलं तर बोलूच की." तोवर ते दमले होते. खांदे खाली आले की मला समजतं. "बरं," म्हणाले, आणि उठून भांडी विसळायला लागले. मी विसळून ठेवलेलीही पुन्हा विसळली.

अर्ध्या तासात मामला मिटला. रडून, भेकून, घर डोक्यावर घेऊन संसार मोडलेल्या बायका मी पाहिल्यात. मी कधी रडत नाही. जिभेवर साखर असली की माणूस कुठे जात नाही.

२२ मार्च

आज सराव होता. माझ्या शेजारच्या टेबलावर लवंगी बसते. नाव दुसरं आहे, पण अंगाने चिमूटभर आणि तिखट इतकी की साहेबसुद्धा वचकून असतात, म्हणून लवंगी. ती झाली ग्राहक.

"मला बंद करायचंय."

"आपली खात्री आहे का?"

"हो."

"बरं, पण इतकी वर्षं तुम्ही आमच्याकडे—"

साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. पुन्हा पहिल्यापासून. ह्या वेळी मी "बरं" म्हणून ओठ घट्ट मिटले आणि तरी "पण काही अडचण असेल तर" बाहेर पडलंच. लवंगी हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेताला आली. "मावशी, तुम्हाला उचकी लागावी तसं 'पण' लागतं!"

सगळे हसले, मीही हसले. पण खरं लिहायचं तर 'हो' ऐकल्यावर जी शांतता होते ना, ती मला सोसत नाही. लहानपणी आमच्या घरात आईवडिलांचा अबोला चालायचा, आठवडेच्या आठवडे. आवाज फक्त भांड्यांचा. मी शाळेतून आले की दोघांच्या मध्ये बसून एकटीच बडबडायचे, म्हणजे निदान काहीतरी चालू आहे असं वाटायचं. तेव्हापासून शांत घर म्हटलं की मला धडकी भरते. लोकांना वाटतं मला बोलायची हौस आहे.

साहेब म्हणाले, नाही जमलं तर गोदामात बदली. उद्यापासून आरशासमोर बसून सराव करते.

२६ मार्च

आज जेवताना एक नवल झालं.

मी कायद्याच्या नावाने बोटं मोडत होते. हे नेहमीसारखे ताटात बघून जेवत होते. सांगता सांगता मी कुटुंब योजनेच्या कलमापर्यंत आले. कुटुंब योजना म्हणजे घरातले सगळे नंबर एका खात्यावर. आमचंही खातं तसंच आहे, नोकरीमुळे स्वस्तात पडतं, मुख्य ग्राहक मी. आजवर कुणाला त्यातून बाहेर पडायचं तर मुख्य ग्राहकाची संमती लागायची. आता लागणार नाही.

"बघा म्हणजे," मी म्हटलं, "उद्या नवऱ्याने बायकोला न विचारता नंबर वेगळा करून घ्यायचा आणि बायकोला गंधवार्ता नाही! घरं मोडायचा कायदा आहे हा."

ह्यांचा घास हातातच राहिला. "खरंच? संमती लागत नाही?"

"नाही ना!"

"आणि कारण?"

"कारण आम्ही विचारायचंच नाही."

"एकदा हो म्हटलं की झालं?"

"झालं! आणि ऐका, त्या माणसाचं वाक्य पुरं होईपर्यंत आम्ही मध्ये बोलायचं नाही. छापलंय तसं पत्रकात. वाक्य पुरं होईपर्यंत!"

"चांगला कायदा आहे," हे म्हणाले. मग भात कालवत म्हणाले, "ह्या योजनेचे फोन कोण घेतं?"

"मी आणि लवंगी. लवंगी दुपारी असते, सकाळी मी एकटीच. बाकीच्यांना दुसरीकडे टाकतायत."

इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आज ओळीने विचारले. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना दोनदा वाढलं. मागच्या खोलीचा उतारा लागू पडला म्हणायचा.

१ एप्रिल

कायदा सुरू झाला. निम्मी टेबलं रिकामी. लोक बटणं दाबताहेत म्हणे, धडाधड. एक खिडकी आहे पडद्यावर, त्यात सुटलेल्यांचा आकडा वाढताना दिसतो. मी दिवसभर त्याच्याकडे बघत बसले. एकाशीही बोलायला मिळालं असतं तर थांबवला असता.

मला आज पाच फोन आले. पाचही जण गेले. फळा पुसून टाकलाय.

४ एप्रिल

आज शिवणवाल्या बाईंचा फोन आला. मी आवाज लगेच ओळखला, मागे मशीन चालू असतं. ह्या गेली तीन वर्षं अधूनमधून फोन करायच्या. मुलगा दूर गेला, टीव्ही कुणी बघत नाही, बंद करा. मी दर वेळी थांबवलं. मग आमच्या गप्पा व्हायच्या, त्यांचे गुडघे, माझी पाठ, हल्लीचं कापड कसं विरतं. शेवटी त्याच म्हणायच्या, "बरं बाई, राहू दे."

"मला बंद करायचंय," त्या म्हणाल्या.

"आपली खात्री आहे का?"

"हो."

"बंद केलं आहे."

पलीकडे मशीन थांबलं. "झालं?"

"झालं."

"तुम्ही काही म्हणणार नाही?"

"नाही, ताई."

आणि त्या रडायलाच लागल्या. मी चक्रावले. म्हणाल्या, "आदल्या दिवसापासून माझे टाके चुकायचे. काय बोलायचं ते चार वेळा घोकून मग फोन करायचे. तुम्ही इतक्या गोड बोलायचात की मला काही बोलताच यायचं नाही. आणि फोन ठेवला की दिवसभर स्वतःचाच राग यायचा."

मला रागच आला. मी काय त्यांच्या मानेवर सुरी ठेवली होती? गोड बोलणं हाही गुन्हा झाला का आता? मैत्रीण समजून बोलायचे मी त्यांच्याशी. लवंगीला सांगितलं. वाटलं, ती हसेल, काहीतरी तिखट बोलेल. ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "जाऊ द्या, मावशी."

११ एप्रिल

तपासनीस बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. चेहरा असा कोरा की त्यावरून काही वाचता येऊ नये. प्रत्येकाला एकेकटं बोलावलं.

माझा एक जुना फोन लावला, कायद्याच्या आधीचा. एक सुतार घर बदलत होता, त्याला जोडणी नको होती. मला तो आठवत होता, चांगला थांबवला होता त्याला.

"ह्यांनी किती वेळा नको म्हटलं ते मोजा," बाई म्हणाल्या.

मी बोटांवर मोजायला लागले. दोन्ही हातांची बोटं संपली आणि अजून मी त्याला नवा पत्ताही विचारला नव्हता.

"आता तुम्ही त्यांना किती वाक्यं पुरी करू दिलीत ते मोजा."

पुन्हा लावलं. मी मूठ धरून बसले होते. रेकॉर्डिंग संपलं तरी एक बोट उघडायची वेळ आली नाही. मी म्हटलं, "मॅडम, त्याला काय म्हणायचंय ते मला आधीच कळलं होतं ना, म्हणून."

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, मी आणि आमचे हे. त्या मान हलवून कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. घरच्या चौकशा कशाला? एवढं बोलावलं होतं तर कामाचं बोलायचं. बाहेर येऊन लवंगीला म्हटलं, ह्यांचं सगळं उंटावरून शेळ्या हाकणं आहे, एक दिवस फोनवर बसून दाखवा म्हणावं.

तरी ती बंद मूठ दिवसभर डोळ्यांसमोरून हलली नाही. का ते सांगता येत नाही.

१९ एप्रिल

घरात मात्र सुखाचे दिवस चाललेत, नजर न लागो.

हे हल्ली दाढी करताना गुणगुणतात. घराची तर इतकी गोडी लागलीय! स्वयंपाकघरातला गळका नळ बदलला. फ्यूज उडाला तर काय करायचं ते मला खुर्चीवर उभं करून दाखवलं आणि माझ्याकडून एकदा करून घेतलं. विजेचं बिल, पाण्याचं बिल कुठे भरायचं ते समजावलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आहात की हे करायला." तर म्हणाले, "माहीत असलेलं बरं." जुनी पुस्तकं खोक्यात भरून दुकानात नेली, म्हणाले इथे धूळ खातात. थंडीचा कोटही नेला, तिकडे जवळ धुलाई चांगली होते म्हणे. कपाटात केवढी जागा झाली, मी माझ्या चादरी ठेवल्या.

लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "बाबा काही बोलले का तुझ्याशी?"

"बोलण्यासारखं काय आहे? मजेत आहेत."

"आई, ते बोलायला लागले तर ऐकून घेशील का? म्हणजे पूर्ण?"

"मी ऐकत नाही असं म्हणायचंय का तुला? ऐकण्याचीच नोकरी करतेय मी सध्या!"

तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. बापलेकींचं काहीतरी गुळपीठ आहे. माझ्या वाढदिवसाचं काही शिजत असणार, मी कळूनही न कळल्यासारखं केलं.

२७ एप्रिल

एक कबूल करते, वहीत कोण बघतंय.

लेकीचं बोलणं मनाला लागलं होतं. म्हणून काल संध्याकाळी मुद्दाम ठरवलं, आज आपण गप्प बसायचं. हे आले, बूट काढले, बसले. मी समोर बसले आणि काही बोलले नाही. हे बघायला लागले. "बरं नाही का?" म्हणाले. मी मानेने बरं आहे म्हटलं. पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "मला तुला एक सांगायचंय. गेले कित्येक दिवस मी—"

आणि मला ते झेपेना. वाटलं, ह्यांनी ते वाक्य पुरं केलं तर घर अंगावर येईल. मी म्हटलं, "दमलात तुम्ही, आधी खाऊन घ्या. आणि दुकानाचा व्याप कमी करा म्हणून मी कधीची सांगतेय." ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. समोरच्याला शेवटची ओळ वाचता येत नाही हे कळल्यावर दुकानात बघतात तसे बघत होते. मग म्हणाले, "हो, खाऊ."

मी चांगलं म्हणूनच बोलले. दमलेच होते ते. माझा ह्या माणसावर जीव आहे, हे एकदा लिहून ठेवते, कारण तोंडाने कधी म्हटल्याचं आठवत नाही. बाकी सगळं बोलून झालं.

६ मे

वही आज पिशवीत होती, बसमध्येच लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळी हे मोठी बॅग घेऊन निघाले. भावाकडे दोन दिवस जाणार असं म्हणाले होते. मी डबा भरत होते, मागे वळून पाहिलं नाही. रोज 'येतो' म्हणतात, आज 'निघतो' म्हणाले. मी म्हटलं पोचल्यावर फोन करा.

दहाच्या सुमारास मी टेबलावर एकटी होते. फोन आला आणि शेजारचा लाल दिवा लागला. दिवा लागला म्हणजे तपासनीस बाई त्यांच्या कचेरीत बसून ऐकताहेत.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"मला कुटुंब योजनेतून बाहेर पडायचंय."

माझ्या नवऱ्याचा आवाज.

आधी वाटलं चेष्टा करताहेत. ह्यांनी जन्मात कधी चेष्टा केलेली नाही. "अहो" असं अगदी ओठांवर आलं होतं. दिव्याकडे बघितलं आणि ते गिळलं.

"नंबर सांगा," मी म्हटलं. मला तो झोपेतही पाठ आहे. त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला आणि मी एकेक आकडा टाइप केला.

"मुख्य ग्राहकाची संमती लागत नाही ना?"

"नाही."

"मग माझा नंबर वेगळा करा. पत्ताही बदललाय, लिहून घ्या."

दुकानाच्या मागच्या गल्लीतला पत्ता. वरचा मजला, खोली एक. मी लिहून घेतला. मग ते बोलायला लागले आणि मला थांबवता येईना.

म्हणाले, "मी आजपासून तिथे राहणार आहे. खोली लहान आहे, पण खिडकी आहे. मला कुणाचा राग नाही. घरी चारदा सांगायला सुरुवात केली, एकदाही शेवटापर्यंत पोचलो नाही. मग मलाच वाटायला लागलं की आपल्याला काही म्हणायचंच नव्हतं. आपल्याला काय वाटतं हे स्वतःला विचारायचं झालं तरी मी तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. बासष्ट वर्षांचा झालो. उरलेले दिवस मला माझ्या डोक्यात काय चाललंय ते ऐकत बसायचंय. तिने मला कधी उपाशी ठेवलं नाही, आजारपणात रात्र रात्र बसली, हे मी विसरलेलो नाही. पण मला जायचंय. एवढंच आहे."

वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचं. मी थांबले. पुरं झाल्यावरही थांबले. कानात फक्त त्यांचा श्वास येत होता. माझ्याकडे सगळं तयार होतं. मागची खोली कायमची तुमची. टीव्ही काढून टाकते. नोकरी सोडते. गप्प बसते, आठवड्यातून चार दिवस एक शब्द बोलत नाही. एकामागून एक जिभेवर येऊन उभं राहत होतं आणि मी ओठ दातांत धरून बसले होते.

"आपली खात्री आहे का?"

"हो," हे म्हणाले.

मी बंद केलं. एक टिचकी. खात्यावर आता एकच नंबर दिसायला लागला, माझा.

बंद केल्यावर एक वाक्य वाचून दाखवणं आम्हाला बंधनकारक आहे. ते मी वाचलं. "आपण बाहेर पडला आहात. आपलं मन बदललं तर चौदा दिवसांत ह्या नंबरवर एक फोन करा. सर्व पूर्वीसारखं सुरू होईल, आपल्याला कोणताही प्रश्न विचारला जाणार नाही."

मग मी ते पुन्हा वाचलं. दोनदा वाचू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

"ऐकलं मी," हे म्हणाले. आणि मग अगदी घरच्या आवाजात, "जेवून घे वेळेवर."

मला "धन्यवाद" म्हणायचं होतं, तसा नियम आहे. ते मी म्हटलं. दिवा विझला.

त्यानंतरचे फोन मी कसे घेतले मला ठाऊक नाही. दुपारी लवंगी आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, काय झालं?" मी म्हटलं, कुटुंब योजनेतला एक गेला. तिने पाणी आणून दिलं आणि टेबलाखाली माझा हात धरून बसली. तेव्हा मला रडू आलं. हेडफोन कानावर, आणि मी रडतेय. साहेबांनी बघितलं आणि आपल्या खोलीत परत गेले.

त्याच दिवशी, घरी

कपाट उघडलं. माझ्या चादरींखेरीज काही नाही. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी येऊ का?" म्हणजे हिला माहीत होतं. मी फोन ठेवून दिला.

घरात कसलाही आवाज नाही. मी टीव्ही लावला, बंद केला, पुन्हा लावला.

पण एक गोष्ट बसून नीट विचार केल्यावर लक्षात आली, आणि आली तशी लिहून ठेवते. बटण होतं की! दुकानात संगणक आहे. बटण दाबलं असतं तर क्षणात काम झालं असतं आणि मला महिनाअखेरीला बिल आल्यावर कळलं असतं. ते न दाबता ह्यांनी फोन केला. सकाळी मी एकटी असते हे माहीत असताना सकाळी केला. का?

एकोणीस वर्षं मी हेच करतेय, मला कोण शिकवणार. ज्याला खरंच जायचं असतं तो चार शब्दांत तोडतो, बोलत बसत नाही. हे बोलले, केवढं बोलले, लग्नापासून एवढं सलग बोलले नव्हते. म्हणजे मनातून जायचं नाहीये. थांबवून घ्यायचं होतं त्यांना माझ्याकडून, आणि मेली मी त्या दिव्याला घाबरून गप्प बसले!

उद्या सुट्टी टाकते. पत्ता आहेच माझ्याकडे. सकाळी ते दुकानात जायच्या आत त्या खोलीवर पोचायचं, समोर बसवायचं आणि शांतपणे एकेक मुद्दा समजावून सांगायचा. तिथे रेकॉर्डिंग नाही, दिवा नाही. तिथे कसला कायदा लागतोय.